वानोळ्याची कॉफी

आमच्या घरात कॉफी कोणीच पीत नव्हतं. सकाळी चुलीवर चहाचं आधण चढायचं, त्यात गवती चहाची पात आणि ठेचलेलं आलं पडायचं, आणि तो चहा तांदळाच्या भाकरीबरोबर पिऊन बाबा वाडीत निघायचे. वाडीत केळी होती, मोगरा होता, कडेने शेवगा आणि बांधावर वाल. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावरचा पंप सुरू झाला की त्याची धडधड स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि आई सवयीने थोडी मोठ्याने बोलायला लागायची. पंप बंद झाला तरी तिचा आवाज बराच वेळ तसाच चढा राहायचा. असं सगळं असूनही वसईजवळच्या गास गावातल्या त्या घराची आठवण काढली की मला सगळ्यात आधी कॉफीचा वास येतो. तोही तयार कॉफीचा नाही, भाजलेल्या बियांचा, थोडा जळका, थोडा गुळासारखा. ओट्यावरच्या दोरीवर दिनूकाकाचे शर्ट वाळत असायचे. धुतलेल्या शर्टांनासुद्धा तो वास असायचा.

दिनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. ज्या कारखान्यात तो मशीन चालवायचा तो बंद पडला, आणि हातात जे पैसे आले त्यातून त्याने कामणला गोदामांच्या रांगेत एक गाळा भाड्याने घेतला. कॉफीच का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कारखान्याच्या कॅन्टीनला कॉफी पुरवणाऱ्या माणसाशी त्याची ओळख होती आणि त्याचं भाजायचं जुनं यंत्र विकायला निघालं होतं, एवढंच मला माहीत आहे. दक्षिणेतून हिरव्या बियांची पोती यायची, काका त्या भाजायचा आणि वसईतल्या, मीरा रोडच्या हॉटेलांना द्यायचा. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून गाळ्यावर जायचे. यंत्राचा पिंप फिरायला लागला की आधी बियांचा नुसता खळखळाट, मग ओल्या गवतासारखा वास, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम लाह्या फुटतात तसा तडतड आवाज. तेव्हा काका हात वर करायचा. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. तो आवाज ऐकून तो भट्टी बंद करायची वेळ ठरवायचा. गाळ्यात त्याच्या आणि माझ्याशिवाय कोणी नसलं तरी तो हात वर करायचाच.

मी तेव्हा वसईच्या कॉलेजात कॉमर्सला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. ही गोष्ट अभिमानाने सांगायची असते हे मला नंतर कळलं. तेव्हा तिचा अर्थ एवढाच होता, की घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद माझ्यासमोर ठेवला जायचा, आणि तो मला पूर्ण समजला नाही तरी ‘समजला’ म्हणावं लागायचं. मुंबईतल्या एका मोठ्या कॅफेवाल्याने काकाला सांगितलं की बाहेरच्या देशातली कॉफी भाजून दिलीस तर वर्षभर घेईन, तेव्हा बाहेरच्या देशांशी पत्रव्यवहार करण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. काका बोलायचा, मी लिहायचे. त्याचं एक वाक्य लिहायला मला अर्धा तास लागायचा. शब्दकोश मांडीवर असायचा.

आम्ही बऱ्याच जणांना लिहिलं. काहींनी उत्तरच दिलं नाही, काहींनी नुसता भाव कळवला. एकानेच आम्हाला माणसात धरलं. तो स्वतःचं नाव सॅम्युअल सांगायचा. तो कोणत्या देशातला म्हणवायचा ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच देशातल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही पुढे कितीतरी वर्षं चोख माल घेतला. सॅम्युअलचे निरोप छान असायचे. तो काकाला ‘माझे वडील बंधू’ लिहायचा. गणपतीत त्याने शुभेच्छा पाठवल्या. धुक्यातल्या डोंगरांचे, उन्हात वाळत घातलेल्या बियांचे फोटो पाठवले. बाबांचा गुडघा दुखतो हे मी कधीतरी ओघात लिहिलं होतं, तर पुढच्या प्रत्येक निरोपात गुडघ्याची चौकशी. आई म्हणाली, “सख्ख्या जावयानं इचारलं नसतं एवढं.” त्याचा भाव इतरांपेक्षा थोडा कमी होता, पण संशय यावा इतका नाही. हे त्याचं कौशल्य होतं, असं आता वाटतं.

मग नमुना आला. कुरियरवाल्याला आमचं घर सापडेना, म्हणून मी नाक्यापर्यंत गेले. पांढऱ्या कापडाच्या पिशवीत हिरव्या बिया होत्या, आणि सोबत रंगीत गवताची विणलेली एक परडी, घरच्या बाईंसाठी म्हणून. परडी आईने लगेच देवापुढे फुलांसाठी ठेवली. बिया काकाने तळहातावर घेऊन उजेडात धरल्या. बारीक, गोलसर, निळसर हिरव्या, एकसारख्या. त्यातल्या मूठभर त्याने गाळ्यावर नेऊन भाजल्या, आणि संध्याकाळी आला तो ओरडतच. “वहिनी, काय माल आहे! एकदम तडतडला, सगळा एका दमात. एक नंबर!”

आता वानोळ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या आळीत कोणाच्याही घरात नवं पीक आलं, मग तो नवा तांदूळ असो, वालाच्या पहिल्या शेंगा असोत की केळीचा पहिला घड, तर घरातल्यांनी खायच्या आधी त्यातलं थोडं प्रत्येक घरी जातं. कोरडंच जातं, शिजवून नाही. घेणारी बाई वाटी रिकामी परत पाठवत नाही. एवढाच रिवाज. तो कोणी शिकवत नाही आणि मोडतही नाही. काकाने तो माल असा वाखाणला तेव्हा आईच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. कुटुंबाच्या धंद्यातलं हे नवं पीक होतं, आणि तेही समुद्र ओलांडून आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी सुपात ओतली, वाट्या भरल्या आणि मला घरोघर पिटाळलं. काका ओट्यावर बसून बघत होता. तो खूश होता. “सगळ्यांना कळू दे,” म्हणाला, “दिनू आता परदेशाशी धंदा करतो.” पिशवीत एकही बी उरली नाही.

कॉलेजात आम्हाला निर्यात-व्यापार शिकवणाऱ्या मॅडम होत्या. मी वर्गात सहसा तोंड उघडत नसे. पण त्या आठवड्यात तास संपल्यावर त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि त्यांना आमच्या कॉफीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नमुना चांगला निघाला ना? मग अर्धा सील करून ठेवलाय ना?”

मी वहीचा कोपरा दुमडायला लागले.

“अगं, उद्या पोती आली आणि आत भलतंच निघालं, तर तू कशाशी ताडून बघणार?”

“मॅडम, तो... वाटला.”

“वाटला म्हणजे? वाटून पूड केली?”

“नाही. आळीत वाटला.”

त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. पैसे हातचे सोडण्याआधी काय काय बघायचं, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. माल ज्या गोदामात आहे तिथे जाऊन तपासणी करणाऱ्या संस्था असतात, त्यांच्या माणसाने पोत्यांतून स्वतःच्या हाताने नमुना काढायचा. पैसे बँकेमार्फत, जहाजाची कागदपत्रं हातात आल्यावर. आगाऊ रक्कम एखाद्या माणसाच्या खाजगी खात्यात कधीच नाही. हे सगळं मी घरी येऊन काकाला सांगितलं, आणि तो अवघडला. त्याची अडचण वेगळीच होती. “इतक्या प्रेमाने पाठवलं त्याने. आपण खाऊन संपवलं, आणि वर त्याचीच चौकशी करायची? कसं दिसतं ते?”

त्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नाही. आजही वाटत नाही. ज्याच्याकडचं घरात आलं त्याला उलट प्रश्न विचारायचे नाहीत, हे आमच्यात इतकं मुरलेलं होतं, की सॅम्युअलला आमच्याविषयी काहीच माहीत नसताना त्याने नेमकी तीच दोरी पकडली होती. शेवटी काका एवढ्यावर तयार झाला, की नमुना तेवढा पुन्हा मागू. मी खरं तेच लिहिलं. आमच्याकडे असा रिवाज आहे, त्यात तुमची कॉफी शेजाऱ्यांकडे गेली, कृपया त्याच मालातली आणखी थोडी पाठवा. सॅम्युअलचं उत्तर त्याच दिवशी आलं. आमच्या रिवाजाने त्याला भरून आलं होतं. त्याच मालातला नमुना निघाला आहे, असं त्याने लिहिलं, आणि खाली आगाऊ रकमेसाठी एका खात्याचा तपशील दिला. खातं तिसऱ्याच देशातलं आणि भलत्याच माणसाच्या नावावर. तो आमचा हिशेबनीस, असा खुलासाही होता. जहाज लवकरच सुटेल, तेव्हा उशीर नको.

दुसरी पिशवी आली. कापड तेच, शिवण तीच. आतल्या बिया मला मोठ्या वाटल्या. चपट्या, फिक्या, आणि त्यांना भरून ठेवलेल्या गोणपाटाचा वास होता. मी काकाला म्हटलं, पण हळूच, कारण माझी खात्री नव्हती. पहिल्या बिया मी पाहिल्या होत्या त्या वाट्या भरण्याच्या घाईत. काकाने थोड्या भाजल्या. मी शेजारीच उभी होते. त्याने हात वर केला. इकडे एक तड, मग बराच वेळ शांतता, मग तिकडे दोन. काकाचा हात तसाच वर राहिला. नंतर तो म्हणाला, “हवा दमट आहे. ओलावा धरला असेल माल.” थोड्या वेळाने म्हणाला, “पहिल्या वेळी मीच जरा जास्त खूश झालो असेन.”

तो स्वतःची समजूत घालत होता हे मला दिसत होतं. पण माझ्याकडे फक्त एक ‘वाटतं’ होतं, आणि त्याच्याकडे कॅफेवाल्याचं वर्षभराचं आश्वासन. ती आगाऊ रक्कम म्हणजे कारखान्यातून मिळालेल्यातलं उरलंसुरलं सगळं होतं. ती गेली तर गाळा जाणार, यंत्र जाणार, आणि वयाच्या त्या टप्प्यावर काका पुन्हा कोणाच्या तरी दारात नोकरी मागत उभा राहणार. हे घरात कोणी बोललं नाही. सोमवारी बँकेत जायचं ठरलं.

रविवारी जेवताना मी म्हटलं, “आळीत कोणाकडे तरी पहिल्या बिया शिल्लक असतील. आणून बघू या.”

आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. “दिलेला वानोळा परत मागायचा?”

“परत नाही. नुसत्या बघायला.”

“कोनी जायचं नाय. माझ्या घरातून कोनी वानोळा मागायला गेलं तर मी उद्या पान्याला तोंड वर करून कशी जाऊ?”

बाबा बोंबलाचा काटा काढण्यात गढून गेले. काकाही माझ्या बाजूने बोलला नाही. मी जेवण संपवलं, भांडी घासली, आणि चिंचेच्या झाडापाशी खेळणाऱ्या आळीतल्या पोरांना हाक मारायच्या निमित्ताने बाहेर पडले. हे बंड वगैरे नव्हतं. मला भीती वाटत होती आणि घरात बसून ती वाढत होती, इतकंच.

परत मागायचा धीर मला सुरुवातीच्या कुठल्याच घरी झाला नाही. मी नुसतं विचारत गेले, ‘कॉफी कशी लागली?’ एकेक उत्तर ऐकून मी पुढच्या घराकडे आणखी भराभर चालत गेले. कोपऱ्यावरच्या काकींनी बिया रात्रभर भिजत घातल्या होत्या आणि कांदा-खोबरं घालून उसळ केली होती. “शिजता शिजेना बाय. कुकरच्या शिट्ट्या करून माझाच जीव शिजला. आमच्या ह्यांनी दोन घास खाल्ले न म्हनाले, परदेशात लोक असंच खात असतील तर म्हनून ते गोरे झाले.” पुढच्या घरी त्या कोंबड्यांना घातल्या होत्या, आणि कोंबड्या दिवसभर अंगणात धावत सुटल्या होत्या. एका घरी त्या कुंडीत पेरल्या होत्या आणि रोज पाणी चाललं होतं. मला माती उकरवेना.

शेवटचं घर हिराकाकीचं. आईपेक्षा बरीच मोठी, विधवा, मुलगा-सून मुंबईला असल्यामुळे एकटी राहणारी बाई. मागच्या पडवीत तिची केळी सुकवायची तयारी चालली होती. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडलेली, आणि वरून झाकलेलं पातळ फडकं. हवेत गोड वास होता. मी उंबऱ्यात उभी राहिले.

“ये ग. अशी उंबऱ्यात काय उभी ऱ्हायलीस?”

“काकी, ती कॉफी... आवडली का?”

“मी कधी कॉफी पेते? चा पिऊन पित्त होतं मला.”

“मग काय केलंस तिचं?”

“काय करनार? वानोळा हाय, टाकते की काय. डब्यात ठेवलाय, कडूलिंबाचा पाला घालून. तांदळाशेजारी.”

आता मागावं लागणार होतं. मी काहीतरी पुटपुटले. त्या बियांतल्या थोड्या हव्या आहेत, काम आहे, उद्या सकाळच्या आत. हिराकाकीने केळ्यावरचा हात पदराला पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“दिलेलं न्यायला आलीस?”

मी मान खाली घातली.

“आईस म्हाईत हाय?”

“नाही.”

“कॉलेजात हेच शिकवतात काय ग? उद्या सासरी जाऊन आहेरातली भांडी परत मागशील.” पण ती उठली होती. आत डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती, त्यात निळसर हिरव्या बिया, आणि त्यांच्यावर केळीच्या पानात बांधलेली सुकेळी. “तुमचा वानोळा मी घेतला, तो माझ्या घरचा झाला. परत मी देत नाय. हा माझा वानोळा. घरी सांग, हिरानं पाठवलाय. आन वाटी रिकामी आनशील तर बघ.”

ते ऐकून मला रडू आलं, पण मी रडले नाही. तिला ते आवडलं नसतं.

घरी ओट्यावर अजून चांगलं ऊन होतं. मी आईसमोर वाटी ठेवली आणि हिराकाकीचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला. आई उठली, सूप आणलं, मध्ये रेघ ओढावी तशी केळीच्या पानाची एक शीर आडवी ठेवली, आणि एका बाजूला वाटीतल्या बिया ओतल्या. दुसऱ्या बाजूला काकाने दुसऱ्या पिशवीतल्या. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. दोन वेगळ्या झाडांची, वेगळ्या मातीतली बियाणी एकमेकांशेजारी पडली होती. हिराकाकीच्या बियांना कडूलिंबाचा वास होता, आणि त्याच्या खालून अजून हिरव्या वाटाण्यासारखा ताजा वास येत होता. बाबांनी दोन्हींतली एकेक बी दाताखाली धरली आणि फिकी थुंकली. “ही जुनी हाय,” ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात कॉफी प्यायली नव्हती.

काकाने दोन्हीकडची एकेक बी उचलून तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाला, “लाव त्याला फोन.”

सॅम्युअलने लगेच फोन घेतला. आधी बाबांचा गुडघा. मी काकाचं बोलणं इंग्रजीत करत होते आणि माझी जीभ अडखळत होती. दोन्ही नमुने एकाच मालातले का, हे मी विचारलं. तो म्हणाला, हो, देवाशपथ. मग, आमच्या खर्चाने तुमच्या गोदामात तपासणीचा माणूस पाठवतो आणि पैसे बँकेमार्फत कागदपत्रांवर देतो, असं मी म्हटलं. मग तो दुखावल्या आवाजात म्हणाला, की मी तुम्हाला कुटुंब समजत होतो. तुमच्या शेजाऱ्यांनी माझी कॉफी प्यायली, आणि आता तुम्ही माझ्यावर पोलीस पाठवताय? जहाज थांबणार नाही. उद्याच पैसे, नाहीतर माल दुसऱ्याचा.

मी ते काकाला मराठीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला. “वाईट वाटलं गं त्याला,” तो म्हणाला. अजूनही त्याला सॅम्युअलचीच काळजी होती. मग त्याने सुपाकडे पाहिलं. “त्याला सांग, शेजाऱ्यांनी प्यायली नाही. एकीने ठेवली होती.”

मी तसंच सांगितलं. सॅम्युअलला त्याचा अर्थ कळला असेल का, मला माहीत नाही. त्यानंतर त्याचा एकच निरोप आला, भाव आणखी उतरवलेला. आम्ही तपासणीचं पुन्हा लिहिल्यावर तोही थांबला. गुडघ्याची चौकशीही थांबली. आईला काही दिवस त्याच्या निरोपांशिवाय चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, हे तिने स्वतःच कबूल केलं. परडी मात्र तिने देवापुढून हलवली नाही. “परडीनं काय केलंय?” म्हणाली.

सोमवारी काका बँकेत गेला नाही, गाळ्यावर गेला आणि दक्षिणेतली जुनीच कॉफी भाजली. कॅफेवाल्याला त्याने सांगितलं की वेळ लागेल. वेळ लागलाच, वर्ष उलटून गेलं. नंतर ज्याच्याकडून माल घेतला तो माणूस रुक्ष होता, सणावाराला त्याचा शब्द नसे. पण तपासणीचं विचारलं तेव्हा त्याने गोदामाचा पत्ता आणि वेळ कळवली, बस्स. एकदा त्याने माल पाठवण्याआधी स्वतःहून लिहिलं की पावसामुळे यंदा रंग थोडा उतरला आहे, हवा तर घ्या. त्या ओळीवर काका दिवसभर खूश होता.

तेव्हापासून नमुना आला की त्याचे तीन भाग होतात. एक भाजायला. एक सील करून गाळ्यात, कारण तसं करायचं असतं. आणि एक वाटीभर आळीत, हिराकाकीकडे, वानोळा म्हणून. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की मला ह्याचा उपयोग काय, आणि प्रत्येक वाटी डब्यात, कडूलिंबाच्या पाल्यात ठेवत राहिली. तिच्या तेराव्याला तिच्या सुनेने, जी आता त्याच घरात राहायला आली होती, तो डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ह्या कसल्या बिया? आत निरनिराळ्या मालांचे थर एकावर एक होते. मी म्हटलं, आमचाच वानोळा आहे. ती डबा माझ्याकडे सरकवायला लागली तेव्हा मी तो परत तिच्याकडे ढकलला. पुढचा नमुना आला तेव्हा वाटी घेऊन मी त्याच दारात गेले.